शंभर सेकंदांची लिफ्ट

माझ्या एक्केचाळीस तासांवर एक अनोळखी माणूस बसला होता.

म्हणजे बसला होता तो सहा नंबरच्या सोफ्यावर. पण त्या सोफ्यापुढच्या मशीनमध्ये माझे एक्केचाळीस तास होते, आणि 'सेव्ह झाले' ही अक्षरं टीव्हीच्या कोपऱ्यात विरताना मी दारातूनच पाहिली. पहिला खण. माझा खण. माझा खेळ पुसून त्यावर त्याचा.

"उठा," मी म्हणाले.

तो खरंच उठला. कंपनीचं निळं जॅकेट, गुडघ्यावर ग्रीसचा डाग, आणि चेहरा असा की चूक कुणाचीही असो, माफी हाच मागून टाकेल. "तुम्हाला बसायचंय का? मी दुसरीकडे—"

"पहिल्या खणात काय होतं?"

"पहिल्या खणात... कुणाचं तरी जुनं सेव्ह होतं. मुंगी नावाचं. मला वाटलं, सोडून गेलंय कुणीतरी."

"सोडून गेली नव्हती. कामाला गेली होती. सकाळी सात ते तीन."

त्याने टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा टीव्हीकडे. "म्हणजे मुंगी..."

"मीच."

कोरियातल्या देजॉन शहरात, स्टेशनजवळच्या जुन्या बाजारात, चपलांच्या दुकानावर मावशींचं गेम पार्लर आहे. आठ सोफे, आठ टीव्ही आणि आठही मशीनं एक पिढी जुनी. लोक येतात ते फुटबॉल खेळायला, आणि फुटबॉल जुन्या मशीनवरही गोलच असतो, असं मावशींचं म्हणणं. तिथला एक न लिहिलेला नियम आहे. मशीनं सगळ्यांची, पण सेव्ह ज्याचं त्याचं. कोणत्या खणात कोण आहे ते पिवळ्या चिठ्ठीवर लिहून मशीनच्या डोक्यावर चिकटवायचं. ती चिठ्ठी म्हणजे दारावरची पाटी. माझीही होती.

"मावशी, माझी चिठ्ठी कुठंय?"

गल्ल्यामागे मावशी संत्रं सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सकाळी धूळ पुसली. फडक्याला चिकटून आली. टाकली."

"टाकली?"

"मग काय देव्हाऱ्यात ठेवू? चिठ्ठीच ती."

मी सोफ्याच्या हातावर बसले. रडू येत होतं, पण गेमसाठी रडणारी सव्वीस वर्षांची बाई म्हणून मला तिथे नाव करायचं नव्हतं.

गेमचं नाव 'शेवटचा मजला'. मावशींनी तो आणला तोही चुकून. कव्हरवर हात पसरून उभा असलेला माणूस त्यांना गोलकीपर वाटला. सन २१९०, चाळीस मनोऱ्यांचं एक शहर. त्यात तुम्ही हवं ते व्हायचं, चोर, डॉक्टर, हेर, आणि हवं तिकडे भटकायचं. मी टपाल पोचवणारी मुलगी झाले होते. मुंगीच्या खिशात एक बंद पाकीट, ते सगळ्यात उंच मनोऱ्याच्या शेवटच्या मजल्यावर पोचवायचं, एवढीच मुख्य गोष्ट. बाकी सगळं भटकणं.

हा गेम खरं तर नव्या मशीनसाठी बनवलेला. जुन्यासाठी मागाहून कसाबसा कोंबून दिला होता, त्यामुळे आमचं २१९० साल जरा गरिबीतलं होतं. लाखोंच्या शहरात रस्त्यावर माणसं चार. नूडल्सवाल्याचं धड आधी यायचं आणि डोकं मागाहून. दुकानांच्या पाट्या ओल्या साबणासारख्या गुळगुळीत दिसायच्या, मग सावकाश अक्षरं उमटायची. पंखा इतका घोंघावायचा की नव्या गिऱ्हाइकाला मावशी आपणहून सांगायच्या, मिक्सर नाही, सहा नंबर आहे.

तरी मी तिथेच खेळायची. भाड्याच्या माझ्या खोलीत मी पाय पसरले तर दार उघडत नाही; टीव्ही कुठे ठेवणार? आणि दिवसभर एका घरगुती यंत्रांच्या कंपनीच्या तक्रार विभागात फोन घेतल्यावर मला अशी एक जागा लागायची, जिथे कुणीच माझ्याशी बोलत नाही.

"मी भरून देतो," तो म्हणाला.

"काय?"

"तास. तक्रार आली की चोवीस तासांच्या आत दुरुस्ती, असा आमच्याकडे नियम आहे. इथे थोडा जास्त वेळ लागेल."

"तुमच्याकडे म्हणजे कुठे?"

"लिफ्ट. मी लिफ्ट दुरुस्त करतो. इमारती जाग्या व्हायच्या आत कामाला लागतो, म्हणून तीननंतर मीही मोकळाच." मग कमरेत वाकून, अगदी रीतसर, "प्यो दोगॉन."

"बान हेरिम. आणि माझी मुंगी मी दुसऱ्याच्या हाती देणार नाही."

"मग अर्धी-अर्धी खेळू. तुम्ही सांगा, मी तसंच करतो. थोडं मी, थोडं तुम्ही."

मावशींनी संत्र्याची फोड तोंडात टाकली. "सहा नंबरला दोघं," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि नवी पिवळी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली.

कंट्रोलर कधी बदलायचा, याचा नियम पहिल्याच दिवशी ठरला. लिफ्ट आली की.

त्या शहरात लिफ्टा फार. कुठलाही मनोरा चढायचा तर लिफ्ट, आणि लिफ्ट म्हणजे मशीनची दमछाक. मुंगी आत शिरायची, दार मिटायचं, आणि पडदा काळा व्हायचा. वरचा मजला गोळा करून आणायला मशीनला वेळ लागायचा... किती, ते त्यानेच पहिल्या दोन फेऱ्यांत मोजलं. त्याच्या धंद्याची सवय.

"शंभर सेकंद," तो म्हणाला. "एकतीस मजल्यांना शंभर सेकंद. आम्ही अशी लिफ्ट बसवली असती तर लोकांनी आम्हाला बदडलं असतं."

"दीडशे वर्षांनंतरचं शहर, आणि लिफ्ट मात्र अजून आजोबांच्या काळातली."

"आजोबांच्या काळातलीसुद्धा बरी." त्याने कंट्रोलर बाहीला पुसला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला, वडीलधाऱ्यांना देतात तसा. "तुमची पाळी."

तो गरम होता, कंट्रोलर. त्याच्या हातांनी तापलेला. मी तो घेतला, आणि उरलेले नव्वद सेकंद काय बोलायचं ते आम्हा दोघांनाही सुचेना.

दुसऱ्या दिवशी सुचलं. तिसऱ्या दिवशी तर लिफ्ट उघडली तरी वाक्य संपलेलं नसायचं. मुंगी बिचारी दारात उभी.

त्या शंभर-शंभर सेकंदांत मला कळलं की त्याला उंचीची भीती वाटते. लिफ्टच्या विहिरीत काम करणारा माणूस आणि उंचीची भीती.

"मग खाली बघता तेव्हा काय करता?"

"बघत नाही. वर बघतो. वर दोरखंड असतात, त्यांच्यावर माझा विश्वास आहे."

त्याला माझं कळलं की मी कामावर आवाज बदलते.

"करून दाखवा ना."

"नाही."

"एकदाच."

"'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत, ग्राहक महोदय.'"

तो इतका वेळ हसला की लिफ्ट उघडली, शहर आलं, नूडल्सवाल्याचं डोकंही आलं, तरी त्याचं हसू आवरेना. "हा आवाज कुणाचा?" त्याने विचारलं. "तुमच्या आत अजून कुणी राहतं का?"

ऑक्टोबर सरत होता. बाहेर गिंकोच्या झाडांची फळं फुटपाथभर सडत होती आणि प्रत्येकाच्या बुटांना तो घाण वास चिकटून वर यायचा. मावशी दारातच ओरडायच्या, तळ पुसा. एक दिवस मी आले तर जिन्याच्या तोंडाशी पुठ्ठ्याचा तुकडा अंथरलेला. दोगॉनने ठेवला होता. मावशींना बरं म्हणून, असं त्याने सांगितलं. पण पुठ्ठ्यावर पेनाने एक छोटी मुंगी काढलेली होती.

आरशाची गोष्ट त्याने मला त्याच आठवड्यात सांगितली.

"एका इमारतीत रोज तक्रार यायची, लिफ्ट फार वेळ लावते. आम्ही मोटर बदलली. तक्रार चालूच. दोरखंड बदलले, तरी चालूच. शेवटी आमचे साहेब गेले आणि लिफ्टशेजारी भिंतीवर मोठा आरसा लावून आले. तक्रारी बंद."

"लिफ्ट जलद झाली?"

"लिफ्ट तशीच. लोक केस नीट करायला लागले."

"बरं. मग या आपल्या लिफ्टला आरसा कुठंय?"

त्याने नुसतं हनुवटीने पुढे दाखवलं.

समोर टीव्ही काळा झाला होता, आणि त्या काळ्या काचेत एक सोफा होता. सोफ्यावर आम्ही दोघं. मध्ये एका माणसाची जागा, त्या जागेत संत्र्याच्या साली. माझा हात आपोआप केसांकडे गेला... आणि काचेत पाहिलं तर तो स्वतःकडे बघतच नव्हता. डाव्या कोपऱ्याकडे बघत होता. डाव्या कोपऱ्यात मी होते.

नजरानजर झाली ती काचेतच. दोघांनीही नजर लगेच काढली नाही.

मला तो आवडायला लागला होता. हे इथे सरळ लिहून टाकते, कारण तेव्हा मी ते सरळ बोलले नाही आणि सगळा घोळ त्यातूनच झाला. आमच्या घरात माया कुणी बोलून दाखवत नाही, कुरकुर करतात. आई बाबांना रोज म्हणते, किती खारट खातोस रे, आणि म्हणता म्हणता वाटीत सूपचा अजून एक डाव ओतते. मी तिचीच मुलगी. लिफ्ट मला जितकी आवडायला लागली, तितक्या जोरात मी तिच्या नावाने खडे फोडायला लागले.

"आली परत ही रटाळ लिफ्ट."

"मावशी, तुमच्या या मशीनपायी मी म्हातारी होणार."

"दोगॉन-शी, एवढ्या वेळात माणूस जिना चढून खाली आला असता." नावामागचं 'शी' आदराचं; ते मी अजून सोडलं नव्हतं.

तो प्रत्येक वेळी ऐकायचा, मान हलवायचा. कंट्रोलर आता एका हाताने द्यायला लागला होता, जवळच्या माणसाला देतात तसा, आणि एवढ्यावरच मी खूश होते. तो माझ्या तक्रारी मनात नोंदवून ठेवतोय, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी तक्रारी ऐकणारी, तो तक्रारी दुरुस्त करणारा. हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

अकरा नोव्हेंबर आला. त्या दिवशी तारखेत ११/११ असे चार एक ओळीने उभे राहतात म्हणून आमच्याकडे चॉकलेट लावलेल्या बारीक काड्यांचे पुडे देतात. मैत्रीत देतात, ऑफिसात देतात, आणि जिथे काही बोलायचं राहिलेलं असतं तिथे तर देतातच. माझ्या पिशवीत एक पुडा होता. बदाम लावलेल्या काड्यांचा. दिवसभर फोन घेताना मी तो तीनदा उघडून पाहिला आणि तीनदा बंद केला.

मी पोचले तेव्हा तो आधीच आलेला होता. सोफ्यावर त्याच्याशेजारी एक मोठं पांढरं खोकं.

"डोळे मिटा," तो म्हणाला.

"काय आहे?"

"मिटा तर."

मी उघडले तेव्हा सहा नंबरच्या टीव्हीखाली नवं कोरं मशीन होतं. चकचकीत, पातळ. जुनं मशीन मावशी पोटाशी धरून आतल्या स्वयंपाकघरात चालल्या होत्या.

"आपलं सेव्ह पण आणलंय यात," तो म्हणाला. लहान मुलासारखा आनंद होता चेहऱ्यावर. "बसा. लिफ्ट बघा आता."

मुंगी लिफ्टमध्ये शिरली. दार मिटलं आणि लगेच उघडलं.

"तीन सेकंद," दोगॉन म्हणाला.

बाहेर शहर होतं. खरंखुरं. रस्ताभर माणसं, प्रत्येकाला डोकं. पाट्यांवरची अक्षरं लखलखीत, नूडल्सच्या वाडग्यातून वाफ. इतकं सुंदर की तक्रारीला जागाच नव्हती. कंट्रोलर त्याच्या हातात राहिला, कारण बदलायला वेळच मिळाला नाही.

"कसं वाटतंय?"

"छान," मी म्हणाले. त्या कामावरच्या आवाजात. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं.

काड्यांचा पुडा पिशवीतच राहिला.

पुढचे चार दिवस आम्ही भराभर खेळलो. मनोरे संपत होते, टपाल पोचत होतं, आणि टीव्ही एकदाही काळा झाला नाही. आम्ही बोलायचो ते एवढंच, डावीकडे घ्या, इथून उडी, सांभाळा. शुक्रवारी मुंगी शेवटच्या मजल्यावर पोचली. तिथे एक रिकामी खोली होती, एक टेबल. पाकीट उघडलं तर आत कोरा कागद. पोचवणाऱ्याने स्वतःच त्यावर एक ओळ लिहायची, असा गेमचा शेवट.

"तुम्ही लिहा," तो म्हणाला. कंट्रोलर त्याने दोन्ही हातांनी दिला.

पुन्हा परक्याला देतात तसा. मी तो घेतला आणि लिहिलं, 'पोचले.'

गेम बनवणाऱ्यांची नावं पडद्यावर वर सरकायला लागली. तो म्हणाला, "झाले तुमचे एक्केचाळीस तास परत. वर थोडे जास्तच. मला घाई होती, कारण... सोमवारपासून माझी उल्सानला बदली आहे. एकोणपन्नास मजल्यांचा टॉवर उभा राहतोय, त्याच्या लिफ्टा. दोन वर्षं तरी. त्याआधी तुमची तक्रार मिटवायची होती."

"मिटली," मी म्हणाले. "आभारी आहे."

"मशीन इथेच राहू दे. मावशींना सांगितलंय." तो उठला, कमरेत वाकला, पहिल्या दिवसासारखा. जिन्यावर त्याची पावलं सावकाश उतरत गेली. मी मागे गेले नाही. काय म्हणून जाणार होते?

मावशी म्हणाल्या, "तोंड बघ एवढंसं झालंय. गेम जिंकलीस ना?"

"जिंकले."

"असं असतं होय जिंकणं."

शनिवारी माझी सकाळची पाळी होती. अकराच्या सुमारास एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला. मुलाने नवं वॉशिंग मशीन पाठवलंय, जुनं घेऊन गेला.

"काय बिघाड आहे, ग्राहक महोदया?"

"बिघाड नाही गं. आवाजच करत नाही."

"ते मॉडेल शांत चालणारंच आहे, आजी."

"हो, तोही तसंच म्हणाला. जुनं कसं धडधड करायचं. मी त्याला शिव्या घालायची... पण घरात कुणीतरी आहे असं वाटायचं." जरा थांबून त्या म्हणाल्या, "माझीच चूक. मीच मुलाला रोज सांगायची, आवाज फार करतंय म्हणून."

माझी बोटं कीबोर्डवर होती. "तक्रारीत काय लिहू, आजी?"

"लिही, मशीन चांगलं आहे. तक्रार मशीनची नाहीये."

मी ते जसंच्या तसं लिहिलं. मग हेडफोन काढला, पाच मिनिटांची सुट्टी मागितली आणि जिन्यात जाऊन मोबाइलवर त्याला निरोप टाकला. कामावर लिहिते तसाच, कारण दुसऱ्या कुठल्या पद्धतीने मला लिहिताच आलं नसतं.

'तक्रार. ठिकाण मावशींचं पार्लर, सहा नंबर. लिफ्ट फार जलद चालते. आज चार वाजता तपासणीस यावे.'

उत्तर आलं नाही. निरोप वाचल्याची खूण मात्र लगेच आली.

तीनला सुटले आणि पार्लरकडे पळत सुटले. मावशींनी जुनं मशीन स्वयंपाकघरात खिडकीखाली ठेवलं होतं आणि त्यावर सोललेल्या लसणाची परडी.

"हे परत लावायचंय, मावशी."

"नवं आहे ना तुला?"

"नवं नको."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, परडी उचलली, आणि मशीनवरची लसणाची सालं स्वतःच्या बाहीने झटकली.

चारला पाच मिनिटं असताना जिन्यावर पावलं वाजली. जोरात, दोन-दोन पायऱ्यांची. दोगॉन दारात उभा राहिला तो निळ्या जॅकेटमध्ये, खांद्यावर हत्यारांची पिशवी. चेहरा गंभीर.

"तक्रार आली होती," तो म्हणाला.

"हो. बसा."

तो बसला. जुनं मशीन पाहिलं. मी बटण दाबलं. पंखा घोंघावला, आणि त्यातून लसणाचा असा भपकारा आला की दोघांचेही डोळे चुरचुरले. शहर सावकाश उगवलं. रस्त्यावर चार माणसं. आणि एकतीस मजली मनोऱ्याच्या लिफ्टसमोर मुंगी उभी होती, दहा नोव्हेंबरला आम्ही तिला सोडलं होतं तिथेच.

"कुणाची पाळी होती?" त्याने विचारलं.

"तुमची."

त्याने तिला आत नेलं. दार मिटलं, पडदा काळा झाला, आणि काचेत आम्ही दोघं आलो. मध्ये एका माणसाची जागा.

"शंभर सेकंद आहेत," मी काचेकडे बघत म्हणाले. "मध्ये बोलू नका. मला तक्रार पूर्ण नोंदवायचीय."

"बोला."

"मी रोज कुरकुर केली, लिफ्टला वेळ लागतो म्हणून. ती खोटी होती. मला ती लिफ्ट हवी होती. तीनला सुटले की मी इथे चालत येत नव्हते, पळत येत होते, या शंभर सेकंदांसाठी. तुम्ही त्यांचे तीन करून टाकलेत. कुणी सांगितलं होतं?"

"तुम्ही," तो हळूच म्हणाला.

"मध्ये बोलू नका म्हटलं ना." माझा आवाज कामावरचा नव्हता. घोगरा होता, माझाच होता. "आरशाची गोष्ट तुम्हीच सांगितलीत. मोटर बदलून उपयोग नसतो, हे तुम्हीच सांगितलंत. आणि स्वतः जाऊन मोटर बदलून आलात."

काचेत त्याने मान खाली घातली. "मला वाटलं..." तो थांबला. "तुम्हाला माझ्याशेजारी नुसतं बसून राहणं जड जातंय. वेळ जात नाही तुमचा. म्हणून म्हटलं, लवकर सोडवावं."

हे मात्र मला माहीत नव्हतं. इतके दिवस माझी प्रत्येक कुरकुर त्याला लागत होती आणि तो मान हलवत होता. मला माझ्या जिभेचा राग आला, आणि त्या रागातच धीर आला.

"किती उरले?"

"बावीस," तो म्हणाला. न मोजता.

"मग ऐका. मला तुम्ही आवडता. गेम नाही, लिफ्ट नाही. तुम्ही." पिशवीतून पुडा काढून मी मधल्या जागेत ठेवला. पिशवीत दाबून दाबून काड्या मोडल्या होत्या. "हा अकरा तारखेचा. उशीर झाला."

पंखा घोंघावत राहिला. 

"उत्तर द्यायला किती मुदत आहे?" त्याने विचारलं.

"तुमच्याकडे चोवीस तासांचा नियम आहे."

"एवढे नको," तो म्हणाला. "आकाशगाडी आहे ना गेममध्ये. तिचा परवाना आपल्याला पहिल्याच आठवड्यात मिळाला होता. एका झेपेत कुठेही, लिफ्ट नको, काळा पडदा नको. मी तुम्हाला सांगितलंच नाही. दर वेळी मुद्दाम लिफ्टनेच नेलं."

"माहीत होतं मला."

"माहीत होतं?"

"आधी एक्केचाळीस तास खेळले होते मी, दोगॉन-शी. मीही दर वेळी लिफ्टच पकडत होते."

तो वळला. काचेतून नाही, सरळ माझ्याकडे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मध्ये टीव्ही नसताना. त्याच्या पापणीवर लसणाचं पाणी होतं, की दुसरं काही, मी विचारलं नाही.

तेवढ्यात टीव्ही उजळला. एकतिसावा मजला आला होता. नूडल्सवाला उभा होता, अजून डोक्याशिवाय.

"सहा नंबर," मावशी गल्ल्यावरून म्हणाल्या, "दार उघडलंय. कुणी उतरणार आहे की नाही?"

"उल्सान इथून आगगाडीने दीड तास आहे," दोगॉन म्हणाला. "दर शनिवारी येईन. फक्त तू कुरकुर बंद करू नकोस. कुठली खरी नि कुठली खोटी ते आता कळेल मला."

"आणि एवढा दीड तास घालवायला ती गाडी काय वाटेत झोपते का?" मी म्हणाले.

"ही खोटी," तो म्हणाला.

"ही खरी."

तो हसला आणि कंट्रोलर माझ्यापुढे धरला. एका हाताने. मी कंट्रोलर घेतला नाही, हात घेतला. मधली जागा कधी संपली ते कळलं नाही. मोडक्या काड्यांचा पुडा तेवढा खाली चुरडला.

मुंगी लिफ्टमध्येच उभी राहिली. कुणी उतरत नाही म्हटल्यावर दार आपोआप मिटलं, आणि टीव्ही पुन्हा काळा झाला.